मृग लागण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने अंतर्गत परीक्षेसाठी लिहिलेल्या ललितलेखाला मी वीसपैकी नऊ गुण दिले होते. खाली लाल शाईने मारलेला शेरा आजही आठवतो: 'माहिती पुष्कळ, लालित्य नाही. हरणाचे वर्णन कुठे आहे?' मुलगा रत्नागिरी जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या पट्ट्यातला. याहून अधिक ओळख देत नाही, कारण त्याने ज्याचे वर्णन केले होते तो कायद्याने गुन्हा आहे आणि तो त्याच्या घरातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाने केलेला होता.

त्या लेखात बंदुकीचा बार शेवटच्या चार ओळींत होता. आधीची साडेतीन पाने फाल्गुन-चैत्रातल्या तयारीची होती. वहाळ आटत आला की कोणती कोंड शेवटपर्यंत ओली राहते. तिच्यातला पालापाचोळा उपसून पाणी मोकळे कसे करायचे. जवळच्या दुसऱ्या दोन डबक्यांपाशी घामट कापड आणि विडीची थोटके कशी टाकून ठेवायची, म्हणजे भेकर तिकडे फिरकणार नाही आणि मोकळ्या ठेवलेल्या एकाच पाण्याकडे वळेल. सावरीची फुले कुठे गळून पडतात. संध्याकाळी वारा कोणत्या अंगाने उतरतो. आणि जिथे बसायचे त्या जागेकडे आठ दिवस घरातल्या कोणीही जायचे नाही. मला त्या वेळी वाटले, मुलगा विषय सोडून भरकटला. भरकटलो होतो तो मी.

गुण आता बदलता येत नाहीत, आणि त्या चुकीबद्दल जाहीर गळा काढण्यासाठीही मी हे लिहीत नाही. माझी तक्रार अधिक व्यापक आहे आणि ती आपणा सर्वांविरुद्ध, म्हणजे मराठी साहित्य शिकवणाऱ्यांविरुद्ध आहे. हरिण म्हटले की डोळे आणि शिकार म्हटली की बार, एवढ्यावर आपले वाचन थांबते. हरिण निरागस, हरिण भित्रे, हरिण चंचल ही विशेषणे आपण इतक्या पिढ्या वर्गात वाटली आहेत की ती विशेषणे आहेत हेही कोणाच्या लक्षात येत नाही. शिकार मात्र बाराच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. जनावराने कुठे यावे आणि कुठे येऊ नये, हे माणूस आठवडेच्या आठवडे ठरवत असतो. एका बाजूने आमिष, दुसऱ्या बाजूने दडपण. बंदूक फक्त शेवटची सही करते. ही मधली व्यवस्था ज्या वाचनाला दिसत नाही, ते वाचन शिकाऱ्याच्या बाजूचे असते, मग वाचक स्वतः कितीही शाकाहारी असो.

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी थोडे तपशील सांगतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही शिमगा उलटला की रानातले पाणी आटू लागते. जांभ्याचा कातळ पाणी धरत नाही, ते झिरपून आणि वाहून जाते. चैत्र-वैशाखात वरच्या अंगाच्या वाड्यांना टँकर लागतात, तिथे भेकराची आणि सांबराची काय कथा! मृग लागेपर्यंतचे ते अडीच-तीन महिने रानातली सगळी हालचाल थोड्या डबक्यांभोवती गोळा होते. याच दिवसांत माणसाचाही रानातला वावर सर्वांत जास्त असतो. कवळ तोडायची, राब भाजायचे, काजूच्या बिया वेचायच्या, लाकूडफाटा पावसाआधी घरात आणायचा. शिमग्याला मुंबईहून चाकरमानी येतात, मे महिन्यात पुन्हा येतात. आंब्याच्या बागांतून रात्रभर राखण असते. नेपाळहून आलेले राखणदार, त्यांच्या विजेऱ्या, कुत्री, मधूनच फटाके. पूर्वी याच सुमारास गावोगावी हाकारे घालून रान उठवण्याची रीत होती. लहानपणी मीही पत्र्याचा डबा बडवत एकदा हाकाऱ्यांच्या रांगेत चाललो आहे. फार मजा आली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

या सगळ्यात भेकर काय करते? ते पळत सुटत नाही. रोजची कवळ तोडणारी बाई, गुरांमागचा पोर, बोलत-खाकरत पायवाटेने जाणारी माणसे यांचा त्याला सराव असतो. ते झुडपाआड उभे राहते आणि माणसे गेली की पुन्हा चरू लागते. मात्र जो माणूस चालता चालता थांबतो, जो आवाज करत नाही, जो वाट सोडून आत येतो, त्याचा वास पुढचे कित्येक दिवस त्या जागेला चिकटून राहिल्यासारखे ते वागते. येण्याची वेळ बदलते. संध्याकाळी पाण्यावर येणारे मध्यरात्री येते, एका काठाने येणारे दुसऱ्या काठाने येते. जुन्या शिकाऱ्यांना हे चोख माहीत असे, म्हणूनच 'आठ दिवस तिकडे फिरकायचे नाही' हा नियम. त्या विद्यार्थ्याच्या लेखात एक वाक्य होते, ते त्याच्या घरच्या बोलीत असल्यामुळे मी त्यावरही लाल रेघ ओढली होती: 'भेकराक भीती नसता, हिशेब असता.'

जगभरच्या अभ्यासकांनी अलीकडे जे मोजून दाखवले आहे ते या वाक्याच्या फार पुढे गेलेले नाही. 2018 साली 'सायन्स' नियतकालिकात केटलिन गेनर आणि सहकाऱ्यांनी सहा खंडांतल्या 62 सस्तन प्रजातींवरचे 76 अभ्यास एकत्र करून दाखवले की माणसाचा वावर वाढला की प्राणी रात्रीकडे सरकतात. दिवस आणि रात्र जो प्राणी सारखी वापरत होता, त्याचा रात्रीचा वाटा सरासरी 68 टक्क्यांपर्यंत जातो. 2023 साली दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर परिसरात लियाना झानेट यांच्या गटाने कोरड्या ऋतूत पाणवठ्यांजवळ ध्वनिक्षेपक लावले. कधी सिंहाची गुरगुर ऐकवली, कधी कुत्रे, कधी बंदुकीचे बार आणि कधी माणसांचे साधे, शांत संभाषण. सिंहाच्या आवाजापेक्षा माणसाच्या बोलण्याने पळून जाण्याची शक्यता दुप्पट निघाली आणि पाणी सोडून जायला लागणारा वेळ 40 टक्क्यांनी कमी. ज्या जनावराला सिंह आणि माणूस यांतला फरक इतका नेमका कळतो आणि जे त्याप्रमाणे आपले तहानेचे वेळापत्रक बदलते, त्याला 'भित्रे' म्हणणे हा भाषेचा आळस आहे.

आता आपल्या अंगणात येतो. 'शाकुंतल' आपल्यापैकी बहुतेकांनी शिकवले आहे, निदान साहित्यशास्त्राच्या तासाला तरी त्याला हात लावला आहे. पहिल्या अंकातला, मान वळवून मागे पाहत धावणाऱ्या हरणाचा श्लोक मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त भयानक रसाचे उदाहरण म्हणून घेतला, आणि तेव्हापासून आपण तो उदाहरण म्हणूनच वाचतो. हरिण भ्याले, आपल्याला रस मिळाला. पण त्या श्लोकाच्या आसपासचा मजकूर पाहा. जमीन उंचसखल आहे म्हणून सारथ्याने लगाम ओढले होते आणि त्यामुळे हरिण लांब गेले, हे तो स्वतः राजाला सांगतो. म्हणजे हरिण मागे वळून पाहते ते अंतर मोजायला. धापा टाकताना तोंडातून अर्धवट चावलेले गवत वाटेवर सांडते, इतके ते अवचित उठवले गेले आहे. कालिदासाने हे सगळे नोंदवले आहे. 'ग्रीवाभंगा'च्या सौंदर्यावर थांबलो ते आपण.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. राजाला आश्रमाची हद्द कशी कळते? कोणी पाटी लावलेली नसते. झाडांच्या ढोलींतून पोपटांच्या चोचीतले नीवाराचे दाणे खाली सांडलेले दिसतात. आणि रथाचा आवाज ऐकूनही हरणे आपली चाल बदलत नाहीत. एका बाजूला दाणा, दुसऱ्या बाजूला दडपणाचा अभाव! त्या लाल शाईच्या निबंधातले दोन्ही धागे इथे आहेत, फक्त उलट दिशेने विणलेले. चौथ्या अंकात निघालेल्या शकुंतलेचा पदर ओढणारे पाडस तिने श्यामाकाच्या मुठी भरवून वाढवलेले असते, हे आपण डोळे पुसत शिकवतो. मूठभर धान्याने हरिण जवळ येते हे ज्ञान आश्रमाला जसे आहे तसेच ते व्याधालाही असते, हे मात्र सांगायचे राहते.

दुसऱ्या अंकाला तर आपण विदूषकाच्या विनोदाचा अंक म्हणून मोकळे होतो. विदूषक कशाने कंटाळला आहे? पहाटेच रान वेढायला निघालेल्या लोकांच्या गलक्याने त्याची झोपमोड होते, आणि पानांनी तुरट झालेले डोंगरी ओढ्यांचे कोमट पाणी त्याला प्यावे लागते. नाटकाची प्रस्तावनाच ग्रीष्माची आहे. म्हणजे हेच ते दिवस. सेनापती राजाला मृगयेचे फायदे सांगतो, त्यात भय आणि क्रोध यांनी जनावरांचे चित्त कसे पालटते ते कळते, हाही एक फायदा! आणि मग राजा रान वेढायला पुढे गेलेल्या लोकांना परत बोलावतो. मराठी वर्गात हा प्रसंग राजाच्या प्रेमाची खूण म्हणून शिकवला जातो. ती आहेच. पण राजाने धनुष्य खाली ठेवल्याने काहीच बदलले नसते. हाकारे परत फिरवल्याने रान पूर्वपदावर येते. शिकार कुठे असते हे कालिदासाला नेमके ठाऊक होते.

'मानसोल्लास' हे नाव आपला विद्यार्थी पाठ करतो, कारण मराठी ओवीचा जुना उल्लेख त्यात सापडतो आणि तो परीक्षेत विचारला जातो. बाराव्या शतकातल्या त्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, त्याच ग्रंथात मृगया हा राजाचा एक विनोद म्हणून सविस्तर लिहिला आहे. पाळलेले हरिण पुढे करून रानातली हरणे जवळ आणण्याची रीतही त्यात आहे. ओवीची नोंद आपण घेतली, हरणाची सोडली.

एकनाथांची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे माझे मन त्यांच्या बाजूचे आहे. 1573 साली काशीत पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येते. त्यांत हरिण आहे, ते व्याधाच्या गाण्याला भुलून सापडते. मासा आहे, तो गळाच्या आमिषाला. हत्ती आहे, तो हत्तिणीच्या लोभाने. आमिषांची इतकी पद्धतशीर मांडणी क्वचितच सापडेल. पण बोध कोणाला? भुलणाऱ्याला. इंद्रिये आवरली नाहीत म्हणून हरिण मेले. गाणाऱ्या व्याधाकडून काही शिकायचे असते का, हा प्रश्न ती कथा विचारत नाही. परमार्थाच्या चौकटीत ते योग्यच आहे, साधकाने स्वतःकडेच पाहावे. मात्र ही चौकट आपण नकळत बाहेरही आणली. तहानलेले जनावर पाण्यावर आले आणि मेले, तर आपण हळहळतो ते त्याच्या दैवाबद्दल. एकच कोंड मोकळी का होती, हे विचारीत नाही.

त्याआधीची 'गाथासप्तशती' या बाबतीत पुष्कळ मोकळी वाटते. तिथला व्याध हा माणूस आहे, त्याला घर आहे, नव्या बायकोपायी अशक्त झाल्यावर जड धनुष्य तासून हलके करण्याची पाळी त्याच्यावर येते. आणि हरिण-हरिणी एकमेकांना बाणाआड घालताना पाहून तो धनुष्य टाकून देतो, अशीही गाथा आहे. भावुकता तिथेही आहे. पण जनावर काहीतरी ठरवते आहे आणि शिकारी ते ठरवणे वाचतो आहे, एवढे तरी त्यात आहे.

आधुनिक मराठीत हे वाचणे ज्यांना साधले त्यांची नावे मोजकी आहेत. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकार करीत, पुढे ती सोडून ते नुसते पाहू लागले. 'सत्तांतर'मधली वानरे निरागस नाहीत. ती हद्दी राखतात, हद्दी गमावतात. मारुती चितमपल्ली यांचे तर आयुष्यच वनखात्यात गेले. 2006 च्या सोलापूर संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 2025 च्या जूनमध्ये गेले, आणि त्या निमित्ताने आलेल्या लेखांतून 'अरण्यऋषी' या एका शब्दाखाली त्यांचे पाहणे पुरले गेले. माझा रोख या दोघांवर नाही. त्यांच्यामागून जी वनललिताची लाट आली, तिच्यावर आहे. त्या लेखांत जंगल नेहमी शांत असते, हरिण नेहमी बावरलेल्या डोळ्यांनी लेखकाकडे पाहते, आणि लेखक तिथे आल्यामुळे ते बावरले आहे हे लेखकाला कधी सुचत नाही. आपण स्वतः दडपण आहोत, ही साधी गोष्ट ज्या गद्याला ठाऊक नाही ते गद्य निसर्गावरचे कसे?

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री वनखाते हौशी मंडळींना पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसवते. उद्देश चांगला आहे, शिस्तही असते. पण एकदा त्या मचाणावरून पाहा. पाणी तेच, चांदणे तेच, बसण्याची उंची तीच. उन्हाळ्यात कित्येक पाणवठ्यांत टँकरने किंवा सौर पंपाने पाणी भरलेले असते, म्हणजे कोणती कोंड ओली राहणार हे पुन्हा माणसानेच ठरवलेले असते. बंदुकीच्या जागी दुर्बीण आली, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारीत नाही. हरिण जिवंत परत जाते. दुसऱ्या दिवशी आपण 'निसर्गाने दर्शन दिले' असे लिहितो. दर्शन निसर्गाने दिलेले नसते, ते आखलेले असते, एवढे लिहायला काय हरकत आहे?

आक्षेप येईल, आणि आमच्याच विभागातून तो आलाही, की हा साहित्याचा प्रांत नव्हे. हरिण कवितेत येते तेव्हा ते प्रतिमा असते, त्याचा माग काढणे हे प्राणिशास्त्राचे काम. मान्य करण्यासारखे यात थोडे आहे. मृगनयनेचे डोळे कोणत्या प्रजातीचे असे विचारणारा माणूस रसिक नव्हे. पण 'मृग' हा शब्दच पाहावा. मृग् म्हणजे शोधणे. मृगया त्यातूनच येते. ज्याचा शोध घेतला जातो तो मृग. आकाशातल्या मृगाच्याही पोटात आपण तीन ताऱ्यांचा बाण रुतवून ठेवला आणि मागे व्याध उभा केला. शब्दाच्या मुळाशीच पाठलाग असताना त्यातला पाठलाग करणारा पुसून टाकायचा आणि उरलेल्या हरणाला प्रतिमा म्हणायचे, याला मी रसिकता म्हणत नाही.

शिवाय हे पुसणे निरुपद्रवी राहिलेले नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याने शिकार करण्याची वाट होती, 1991 च्या दुरुस्तीने ती बंद झाली. तेव्हापासून आपल्याकडे शिकारीचा हंगाम नाही. अमेरिकेत तो असतो, त्याच्या तारखा असतात, आणि हंगामाआधी मका किंवा मीठ ठेवून हरणांना सवय लावावी की नाही यावर तिथले शिकारीच एकमेकांशी भांडतात. काही राज्यांत ते चालते, काहींत नाही, आणि एका जागी गोळा झालेल्या हरणांत रोग पसरतो म्हणून निर्बंध वाढतात. ते भांडण तरी होते. आपल्याकडे हंगाम कागदावरून गेला, रानातून गेला नाही. आणि जे कागदावर नाही त्याबद्दल बोलायची भाषाही गेली. आज कोकणात फासकी लागते. तारेचा फास, गडग्याच्या खिंडारात, जिथून जनावर रोज जाते नेमक्या तिथे. लावलेली असते डुकरासाठी, अडकतो कधी बिबट्या, कधी भेकर. पिठात गुंडाळलेले गावठी बॉम्बही असतात. निवडणूक आली की शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. फासकी कुठेच जमा होत नाही. आणि ती लावणारा शेतकरी राक्षस नसतो. त्याची नाचणी आणि कुळीथ रात्रीत साफ झालेले असतात. त्याच्यावर कविता करणे जितके सोपे, तितकेच त्याला दोष देणे सोपे.

1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकस जमिनी, सडे, डोंगरउतार आंबा-काजूखाली आले. आम्हाला त्याने खायला घातले, माझ्या शिक्षणाचा काही खर्चही त्यातूनच निघाला आहे. पण गडगे उंच झाले, मग जाळी आली, मग विजेच्या झटक्याच्या तारा आल्या, आणि जनावरांच्या जुन्या वाटा एकेका खिंडारापर्यंत आवळत गेल्या. सोबत बोंडांचा सडा, ठिबकचे पाणी, कलमांची कोवळी पालवी. आमिष आणि दडपण यांची एवढी मोठी मांडणी कोणत्याही व्याधाला जमली नसती. यावर मराठीत एखादी कादंबरी असेल, तर ती माझ्या वाचनात आलेली नाही.

येत्या सत्रात मी 'शाकुंतल' दुसऱ्या अंकापासून शिकवायला घेणार आहे.

गेल्या मे महिन्यात तो विद्यार्थी एस.टी. स्थानकावर भेटला. मुंबईत नोकरीला आहे, आंबे उतरवायला घरी आला होता. त्या लेखाचा विषय मीच काढला, थोडा अवघडून. त्याला गुण आठवत नव्हते, की तसे तो म्हणाला. कोंड आता फेब्रुवारीतच आटते, वरच्या बाजूला दोन बोअर झाल्या. भेकर येते ते बागेत, ठिबकची नळी जिथे गळते तिथे. 'आता पाणी राखायला लागत नाही, सर,' तो म्हणाला, 'रोज येतं, पण दोन वाजल्यानंतर.' कुंपणाला त्या बाजूने फट ठेवली आहे का, असे मी विचारले. त्याने आपल्या गाडीची पाटी आली का ते पाहिले आणि म्हणाला, काकांनी ठेवली आहे.